उलटा नंबर

माझ्या नणंदेचं काम सगळं उलटं. रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांची बॉडी पारदर्शक प्लॅस्टिकची असते, ती रंगवायची आतून. बाहेरून लावलेला रंग पहिल्याच धडकेत खरवडतो म्हणे. म्हणून वर दिसायचं ते आधी काढायचं: पट्टे, अक्षरं, नंबर. मग गाडीचा रंग, शेवटी पांढरा हात. अक्षरंही आरशातल्यासारखी उलटी लिहायची.

"वन्सं, तुम्हीही तशाच," मी म्हणायचे, "वरून कोऱ्या, रंग सगळा आत."

"वहिनी, दार लावा. धूळ येतेय."

हयातभर टॅक्सी चालवलेल्या माझ्या नवऱ्याला डॉक्टरांनी नजरेपायी गाडी बंद केली. टॅक्सी विकली आणि हे खुर्चीत बसले ते बसलेच. जेवायला हाक मारावी तर नुसतं "हं". ह्यांना उठव म्हणून मी रोज देवाला विनवत होते. वन्संचा विनवण्यावर विश्वास नाही. त्यांनी एक नवी बॉडी मागवली आणि गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून दादाची टॅक्सी करायला घेतली.

टॅक्सीचा तो हिरवा रंग काही जुळेना. एक पोपटी झाला, एक शेवाळी. शेवटी माळ्यावर जुन्या बंपरचा तुकडा सापडला, तो समोर ठेवून रंग मिसळला.

रंग सुकल्यावर ह्यांच्या पुढ्यात बसून वन्संनी बॉडीवरचा, रंगाचे शिंतोडे अडवणारा बाहेरचा पातळ पापुद्रा सोलला. लखलखीत हिरवी टॅक्सी! ह्यांनी ती हातात घेतली आणि वन्संचा चेहरा पडला. पुढचा नंबर उलटा. परक्यांचे नंबर न चुकता उलटे काढणाऱ्या बाईनं दादाचा नंबर पाठ म्हणून हातासरशी सरळ लिहिला होता.

"वाटोळं केलं मी. दे इकडे, टाकूनच देते."

ह्यांनी दिली नाही. डोळ्यांजवळ नेली, नंबरावरून बोट फिरवलं.

"अगं वेडे, बरोबर आहे की! पुढच्या गाडीवाल्यानं आरशात बघितलं की सरळ दिसेल. कळू दे त्याला, मागे कोण आलंय."

आणि हसले. इतके, की ठसका लागला. मी पाणी आणायला आत पळाले, तिथेच देवाला हात जोडले. बाहेर येते तो खुर्ची रिकामी. बॉडी चाकांवर चढवून दोघं भावंडं अंगणात रिमोटसाठी भांडत होती.

"दादा, वळव! भिंत, भिंत!"

"गाडी कशी चालवायची ते तू मला शिकवू नकोस!"