बाईंच्या नावावरचा शब्द

बाईंचं बोट वर गेलं की आम्ही सगळ्या गप्प. खोपटच्या एसटी डेपोला लागूनच त्यांचं घर, त्यामुळे नाशिकची, शिर्डीची गाडी लागल्याची घोषणा थेट त्यांच्या हॉलमध्ये यायची. ती संपेपर्यंत बोट तसंच वर, आणि संपली की अर्धं राहिलेलं इंग्रजी वाक्य नेमकं तिथूनच पुढे सुरू.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. आम्ही शिकणाऱ्या बायका म्हणजे मुलं मोठी झाल्यावर जाग आलेल्या. मला नोकरी हवी होती. दोन ठिकाणी मराठीत छान बोलणं झालं, मग साहेबांनी इंग्रजीत प्रश्न विचारला आणि माझी दातखीळ बसली. पुन्हा तसं व्हायला नको, एवढ्यासाठी मी बाईंकडे जात होते.

तिथे डिक्शनरीला बंदी होती. नवीन शब्द आला की बाई तो दोन-तीन वाक्यांत वापरून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "अर्थ नको, माणूस सांगा." ओळखीतलं माणूस, आणि त्याचा पुरावा. 'जेनेरस'ला आमच्यातल्या एकीची कोळीवाड्यातली आत्या मिळाली, जी पापलेट घेणाऱ्याच्या पिशवीत मूठभर कोलंबी तशीच टाकायची. 'पंक्चुअल'ला मात्र कुणी सापडेना. तो शब्द बिचारा बरेच दिवस बिनमाणसाचा राहिला.

एकदा 'ऑब्स्टिनेट' आला. सगळ्यांनी आपापले नवरे पुढे केले. मी म्हटलं, "बाई, तुम्ही."

"पुरावा?" बाईंनी विचारलं.

पुरावा ढीगभर होता. नवरात्रात टेंभी नाक्याच्या गर्दीनं रस्ते तुंबले, तरी क्लासला सुट्टी नाही. घसा बसला तेव्हा फळ्यावर लिहून शिकवलं. एकदा वैतागून मीच क्लास सोडला, तर दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्या तिसऱ्या मजल्यावर चढून आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, चल, वाक्य अर्धं राहिलंय.

बाईंनी चष्मा पुसला. "मग हा शब्द माझा. दुसऱ्या कुणाला लावायचा नाही."

पुढे घोडबंदर रोडवरच्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनच्या नोकरीसाठी मुलाखत होती. डॉक्टर मॅडमनी इंग्रजीत विचारलं, स्वतःबद्दल एका शब्दात सांगा. मला येत असलेला सगळ्यात चांगला शब्द मी सांगून टाकला. ऑब्स्टिनेट.

त्यांच्या भुवया वर गेल्या. काहीतरी चुकलं एवढं मला कळलं. दातखीळ बसणारच होती, पण तोंडाला क्लासची सवय. मी पुरावा द्यायला लागले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोट, डेपो, तिसरा मजला, सगळं सांगितलं, आणि मला त्या बाईंसारखं व्हायचंय, असं म्हणून थांबले. मॅडम हसायला लागल्या. सोमवारपासून या, म्हणाल्या.

पेढे घेऊन गेले तर बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, मुलाखतीत 'डिटरमिन्ड' म्हणतात. ऑब्स्टिनेट म्हणजे समोरच्याला वैताग आणणारा हट्टी."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू इतक्या प्रेमानं दिलास. परत कसा करणार?"

गेल्या वर्षी त्या लेकीकडे नाशिकला कायमच्या राहायला गेल्या. लेक गाडी पाठवते म्हणत होती, पण यांना एसटीनंच जायचं होतं. हा पुरावा तुम्हीच जमेस धरा. आम्ही सगळ्या पोचवायला गेलो. एसटीच्या पायरीवर उभ्या राहून बाई मला सांगत होत्या, "कामावर कुणी त्या शब्दाचा अर्थ विचारला..." एवढ्यात त्यांच्याच गाडीची घोषणा सुरू झाली आणि बोट वर गेलं. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं, कंडक्टर हाका मारत होता. बाई हलल्या नाहीत. घोषणा संपल्यावर म्हणाल्या, "...तर माझं नाव सांग." मग आत गेल्या.

"लई हट्टी आहेत ओ आजी," कंडक्टर म्हणाला. त्याला इंग्रजी शब्द सांगायचा मोह मी कसाबसा आवरला.

गाडी हलली. हात हलवायचं सोडून बाईंनी खिडकीतून बोट वर केलं. गाडी डेपोबाहेर वळेपर्यंत ते दिसत होतं, आणि आम्ही सगळ्या गप्प होतो.