ट्रॅक्टरची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे

मंडळी, आमच्या ह्यांचे मिनी ट्रॅक्टरवरचे फोटो तुम्ही ह्या ग्रुपवर नेहमी कौतुकानं बघता. आज सकाळीही पाचोडच्या आमच्या मोसंबीच्या बागेत मी फोटोसाठी मोबाईल धरून उभी होते.

ट्रॅक्टर मागं घेताना माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर बंद करून वर उचलायचा, हे ह्यांनीच ग्रुपवरच्या नव्या लोकांना शिकवलं. आज मात्र पाती फिरत असतानाच ह्यांनी ट्रॅक्टर मागं घेतला. मागं रखमाबाई गवत काढत होत्या. मी ओरडले, पण इंजिनच्या आवाजात काही ऐकू गेलं नाही. त्यांचा पदर पात्यांत ओढला गेला. लुगडं जुनं होतं, ते फाटलं म्हणून त्या वाचल्या.

“मालक, मी दिसले नाय व्हय?” फाटका पदर गोळा करत त्यांनी विचारलं.

हे ट्रॅक्टरवरून खाली उतरले. मग हळूच म्हणाले, “कुणाची गं तू?”

मी लग्न होऊन आले, तेव्हापासून रखमाबाई आमच्याकडे कामाला आहेत.

दुपारपासून हे किल्ली शोधताहेत, आणि मीही त्यांच्यासोबत उशा उचलून बघतेय.

जेवताना मी ह्यांना तुमचे मेसेज वाचून दाखवते. उद्या कुणीतरी विचारेलच, “काका, आजचा फोटो कुठंय?” ते मी कसं वाचू, सांगाल?