सोडून दिलेला टेम्पो

चौकातले लोक तिला शिट्टीताई म्हणत. वाहतूक शाखेत अठरा वर्षं हवालदारकी केलेली, उंचीने बेताची, पण शिट्टी अशी की पलीकडच्या गल्लीतला सायकलवालाही आपसूक ब्रेक दाबायचा. थापा मारणाऱ्याला ती एका प्रश्नात पकडायची. कुणी म्हणालं, "लायसन घरी राहिलं," की ती विचारायची, "घरी म्हणजे कुठं? कपाटात, की दुसऱ्या पँटीत?" समोरचा अडखळला की हसत पावतीचं यंत्र बाहेर काढायची. बाकी कागदांपेक्षा तिचा जीव चाकांत जास्त. तिच्या चौकातून रस्ता जो उतरायचा तो थेट खालच्या बस थांब्यापर्यंत, मध्ये कुठे सपाट जागा नाही. म्हणून गाडी थांबवली की ती आधी टायर बघायची, मग मागचे दिवे, आणि मग माणसाचं तोंड.

त्या महिन्यात शहरात लागोपाठ दोन दरोडे पडले. दोन्ही वेळा चोर काळ्या काचांच्या गाडीतून पसार झाले. लोक धास्तावले, वरून विचारणा झाली, आणि सकाळच्या हजेरीला साहेबांनी हुकूम सोडला.

"पुढचे आठ दिवस काळ्या काचा, बाकी काही नाही. आरसा तुटलाय, दिवा लागत नाही, पाटी वाकडी आहे, असल्या किरकोळीत कुणी अडकायचं नाही. माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत."

"आणि टायर, साहेब?" तिने विचारलं.

"टायरने कुणाला लुटलंय का, बाई?"

सगळे हसले. तीही हसली. साहेब काही वाईट माणूस नव्हते, आणि त्यांचं म्हणणंही तेव्हा कुणाला चुकीचं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला फरश्यांनी भरलेला एक टेम्पो चौकात आला. मागच्या चाकाकडे नजर गेली आणि तिची शिट्टी आधी वाजली, विचार मागाहून आला. टायर गुळगुळीत झालेला, एका बाजूला तर रबर जाऊन आतली तार उघडी पडलेली. चालक खाली उतरला. चाळिशीचा, सभ्य, घामाघूम.

"हे काय आहे?"

"संध्याकाळी बदलतो, ताई. नवीन सांगून ठेवलाय."

"संध्याकाळपर्यंत हा उतार तुझ्यासाठी सपाट होणार आहे का?"

तो खजील होऊन हसला. तिने यंत्रावर गाडीचा नंबर टाकायला घेतला. चार आकडे झाले असतील नसतील, तोच कमरेचा वायरलेस खरखरला. साहेबांचाच आवाज होता. "काळ्या काचांची गाडी, तुमच्याच दिशेने येतेय. सोडू नका!" तिने मान वर केली. गाडी खरंच येत होती. जोडीदार शिपाई रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला. टेम्पो बाजूला घ्यायचा, किल्ली काढून घ्यायची, म्हणजे दोन मिनिटं गेली असती.

"जा," ती म्हणाली. "हळू जा. आणि आजच्या आज बदल."

तिने आकडे पुसले आणि हात आडवा करून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. काळी गाडी थांबली. काच खाली झाली, तर आत दोन म्हाताऱ्या बायका आणि मांडीवर एक कुत्रं. त्यातली एक काही बोलणार, एवढ्यात उतारावरून स्फोटासारखा आवाज आला. पाठोपाठ काहीतरी घासत, फुटत गेल्याचा आवाज. मग काहीच नाही.

ती पळाली. टेम्पो बस थांब्यावर कलंडला होता. फरश्यांचे तुकडे रस्ताभर पसरलेले. थांब्याच्या वाकलेल्या खांबाखाली एक माणूस अडकला होता. बाजाराच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करायचा, तिने त्याला येता-जाता पाहिलेलं. टेम्पोचीच दोरी काढून तिने त्याच्या मांडीला करकचून बांधली. त्याने तिचं मनगट घट्ट धरलं.

"बाई, माझे हात बघा. हात शाबूत आहेत ना?"

"आहेत. दोन्ही आहेत."

पायाचं त्याने विचारलं नाही. टेम्पोचा चालक पदपथावर डोकं धरून बसला होता. कपाळातून रक्त येत होतं. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. समोर यंत्रातल्या दिवसभराच्या नोंदींचा कागद होता.

"टेम्पोची नोंद नाही. म्हणजे तुम्ही तो थांबवलाच नाही. सोमवारी मुख्य कचेरीतून चौकशी अधिकारी येतील. जबाब एवढाच."

"थांबवला होता, साहेब. मीच सोडला."

साहेब उठले, त्यांनी दार लोटलं. "मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाहीये. विचारलं नाही ते सांगू नका, एवढंच म्हणतोय. माझी नोकरी चौदा महिने राहिलीय. तुमचं नाव बढतीच्या यादीत आहे. कुणी पाहिलंय?"

चालक सोडला तर कुणी पाहिलं नव्हतं, हेच तर तिच्या छातीवर धोंड्यासारखं बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घराची बेल वाजली. दारात टेम्पोवाल्याची बायको उभी. ही आता शिव्याशाप देणार, म्हणून शिट्टीताईने मनाची तयारी केली. पण बाईने आत येऊन तिचे दोन्ही हात धरले.

"ताई, ते कोठडीत आहेत. तुम्ही थांबवलं होतं हे त्यांनी फक्त मला सांगितलंय, दुसऱ्या कुणाला नाही. वकील म्हणतात, टायरचं माहीत नव्हतं म्हटलं तर थोडक्यात सुटतील. तुम्ही बोललात की त्यांना माहीत होतं असं होणार. तुमच्या पाया पडते, तुम्ही गप्प राहा."

शिट्टीताईने हळूच हात सोडवून घेतले. साहेब गप्प राहा म्हणत होते, ही गप्प राहा म्हणत होती. बाई गेल्यावर नवरा स्वयंपाकघरातून बाहेर आला. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, मितभाषी माणूस.

"सगळ्यांचं एकमत झालंय," तो म्हणाला. "तू कशाला मोडतेस?"

"अहो, तुम्हीसुद्धा?"

"मी तुझा नवरा आहे, न्यायाधीश नाही. तुझ्या अंगावरचा गणवेश जाईल याची भीती वाटते मला."

दुपारी ती साध्या कपड्यांत इस्पितळात गेली. घड्याळवाल्याचा पाय गुडघ्याखाली काढला होता. उशाशी त्याची बहीण बसलेली. त्याने ओळखलं आणि चेहरा उजळला.

"अगं, ह्याच त्या! डॉक्टर म्हणाले, दोरी बांधली नसती तर मी उरलोच नसतो."

बहीण उठून तिला खुर्ची द्यायला लागली. ती खुर्ची, ते आभार, तिला सोसवेना. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगून टाकलं. टायर, तार, पुसलेले आकडे.

घड्याळवाल्याने नजर छताकडे वळवली.

"म्हणजे तुम्ही ते चाक पाहिलं होतं."

"हो."

"कशासाठी सोडलंत?"

"काळ्या काचांसाठी."

"मग जा आता," तो म्हणाला. आवाज चढवला नाही.

सोमवारी चौकशी अधिकाऱ्याने कागदावरचे प्रश्न एकेक करून वाचले. साहेब खिडकीकडे तोंड करून उभे. टायपिस्टचा पंखा भिंतीवरची दिनदर्शिका फडफडवत होता. प्रश्न साधे होते: किती वाजता आवाज आला, कोण आधी पोचलं, रुग्णवाहिका कधी आली. अधिकाऱ्याने कागद उलटला.

"अपघाताआधी हे वाहन कुणी तपासलं होतं का?"

टायपिस्टची बोटं थांबली. साहेबांची पाठ हलली नाही.

"मी," ती म्हणाली.

मग पहिल्यापासून सांगितलं. चालक काय म्हणाला तेही, एक शब्दही न बदलता. अधिकाऱ्याने चष्मा काढला.

"किरकोळ गाड्या सोडा असा हुकूम होता?"

"होता. पण उघडी तार किरकोळ नसते, हे मला कळत होतं. काळी गाडी निसटली असती तर बोलणी खावी लागली असती. ती नको होती मला. सोडायचं मीच ठरवलं."

साहेबांनी वळून पाहिलं. रागाने की सुटल्यासारखं, ते तिला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही नाही.

बढतीच्या यादीतून तिचं नाव गेलं. दोन वर्षं तिने अभिलेख कक्षात धूळ खाल्ली. साहेबांना लेखी ताकीद मिळाली आणि त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. टेम्पोवाल्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी त्याची बायको कोर्टाच्या जिन्यात तिच्या अगदी जवळून गेली, पण पदरही लागू दिला नाही. दरोडेखोर पुढच्याच महिन्यात पकडले गेले. तोवर त्यांनी काचांवरची काळी फिल्म काढून टाकली होती.

एक परिपत्रक मात्र निघालं: मोहीम कुठलीही असो, टायर, ब्रेक आणि मागचे दिवे नादुरुस्त असतील तर गाडी जागेवरून हलू द्यायची नाही. काम वाढलं म्हणून सहकारी कुरकुरले. त्या कागदाला ते बरेच दिवस "शिट्टीची कृपा" म्हणत होते.

आपण खरं बोललो, याचा तिला अभिमान वाटला नाही. टेम्पोवाल्याची शिक्षा तिच्या मनातून गेली नाही. एकदा नवऱ्याला म्हणाली, "इस्पितळात सांगायला गेले ते त्याच्यासाठी, की माझं ओझं उतरवायला?" "दोन्ही असेल," तो म्हणाला आणि तिच्यासाठी चहा ठेवायला उठला.

तिसऱ्या वर्षी तिला पुन्हा रस्त्यावर घेतलं, बाजाराच्या तोंडाशी. घड्याळवाल्याने स्टूल उंच करून घेऊन दुकान पुन्हा सुरू केलंय. ती वाट वाकडी करत नाही, रोज त्याच गल्लीतून जाते. तो कधी भिंगातून मान वर करतो, कधी करत नाही.