व्याह्याचा उतार

माझा व्याही जावा बेटावर राहतो. धुमसणाऱ्या डोंगराच्या अंगावर त्याचं गाव आहे आणि गावाच्या वर त्याचं शेत. शेत कसलं, भिंतच. बटाटा, कोबी आणि कांद्याची पात. मी तिथं एकदाच गेलो, मुलाच्या लग्नाला. खालच्या बांधावर उभं राहून वर बघितलं तर टोपी मागं पडली. आमच्या आंबेगावच्या पठारावर मीही जन्मभर बटाटाच केला, पण दोन पायांवर सरळ उभं राहून.

तिथं थंडी एवढी की बाप्येसुद्धा लुंगी खांद्यावरून शालीसारखी गुंडाळून हिंडतात. मागचा डोंगर दिवसभर धूर सोडत बसलेला, आणि कुणी त्याच्याकडं बघतही नाही. राख पडली की काय करता, असं मी मुलाकडून विचारलं. व्याही म्हणाला, "झाडतो आणि लावतो." जमीन मात्र काळीभोर, भुसभुशीत. मूठभर हातात घेतली आणि मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

मी मुलाचा बाप. पाय धुवायला पाणी, टेकायला तक्क्या, एवढं तरी असावं की नाही? त्यांनी मला नेलं ते थेट स्वयंपाकघरात, चुलीपुढच्या बुटक्या बाकावर. शेजारी पातीच्या जुड्या. मी ताट बाजूला सारलं. "वरबापाला चुलीपाशी बसवतात होय?" मुलगा त्या थंडीत घामाघूम झाला. मग सुनेनं मुलाच्या तोंडून समजावलं, की त्यांच्याकडं परक्याला बाहेरच्या खोलीत बसवतात, आपल्या माणसाला चुलीपाशी, आणि जेवल्याशिवाय उठू देत नाहीत. मग जेवलो. पण हे आधी सांगायला पाहिजे होतं, असं माझं अजूनही म्हणणं आहे.

सून आणि मुलगा इथंच, हॉलंडमध्ये शिकताना भेटले. आता आम्ही नीउ-व्हेनेपला राहतो. मी चौथी शिकलेला, इंग्रजी काही मला शिकायचं नव्हतं, तेव्हा तिलाच मराठी शिकावं लागलं. माझ्याकडूनच शिकली, म्हणून "लई" म्हणते, "हिकडं या" म्हणते. पुण्याच्या मित्रांसमोर मुलाला लाज वाटते. मला नाही वाटत.

बायको गेली तेव्हा मी जमीन विकून इकडं आलो. माझे कागद करता करता मुलाचे केस पिकले. इथली घरं सगळी एका साच्यातली, एकाच रांगेतली. पहिल्या महिन्यात मी दोनदा शेजाऱ्याच्या दाराला किल्ली लावली. पहाटे उठतो, घर जागं व्हायला वेळ असतो, तोवर दिवा न लावता बसून राहतो. मग चालत घरं संपतात तिथवर जातो. तिथं बटाट्याचं रान आहे, ताटासारखं सपाट. एक माणूस यंत्रात बसून येतो, लावतो आणि जातो. मी बांधावर उभा असतो. आमच्या रानाच्या कडेला कुणी असा उभा राहिला असता तर मी आधी दरडावला असता, मग चहाला नेला असता. इथला माणूस लांबून हात करतो. मीही करतो. झालं.

यंदा व्याही उतारावरून घसरला. मनगट मोडलं. दिवस मावळेपर्यंत कुणाला कळलं नाही, तो कोबीत पडून होता. बायको केव्हाच गेलेली, पोर ही एकटीच. सुनेनं ध्यास घेतला की बापाला इकडं आणायचं. कागदांचं बघू म्हणून वकील म्हणाला, पण म्हातारा हो म्हणेना. तेव्हा ती माझ्याकडं आली.

"आबा, तुम्ही बोला. माझं लई ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. तुम्हीपण शेत सोडून आला ना?"

मुलगा म्हणाला, "आबा, लांबण नको लावू. 'या, इथं बरं आहे' एवढं म्हण. बास."

रविवारी सकाळी फोन लावला. तिकडं दुपार कलली होती. पडद्यावर व्याही पांढरं बांधलेला हात गळ्यात अडकवून बसलेला. आमच्या मधे सून, त्याचं मला सांगायची, माझं त्याला. त्यांच्याकडं व्याह्याला बेसान म्हणतात. हाक आली की मला पिठलं आठवतं.

"बेसान, जाडा झालास," तो म्हणाला.

"तुझी पोरगी उठू देत नाही ताटावरून. तुझंच वळण."

तो हसला. "तिकडची जमीन कशी आहे?"

"सपाट."

"किती सपाट?"

"चेंडू ठेवला तर जागचा हलत नाही."

"मग पाणी जातं कुठं?"

"पंपानं उपसतात."

त्यानं मान हलवली, जसा एखाद्या आजारी जनावराबद्दल ऐकतोय. मग म्हणाला, "सकाळी उठून तू काय करतोस?"

मुलगा समोरून हातानं खुणा करत होता, बोल, बोल. मी सुनेला म्हणालो, "सांग त्यांना, सकाळी उठतो आणि दुपार व्हायची वाट बघतो."

तिनं सांगितलं नाही.

"आबा, हे नको. डॉक्टर जवळ आहे, ते सांगा."

"ते तुझं म्हणणं आहे, तू सांग. मला विचारलं त्याचं मी उत्तर दिलं."

पलीकडून व्याही काय झालं म्हणून विचारत होता. शेवटी तिनं सांगितलं, हळूहळू, एकेक शब्द. त्यानं पूर्ण ऐकलं. थोडंसंच काही बोलला. सून खाली बघत म्हणाली, "ते म्हणतात, बेसान मला बोलवत नाही."

मी मान डोलावली. ते तिला सांगावं लागलं नाही.

फोन ठेवल्यावर मुलगा उसळला. "एक वाक्य बोलायचं होतं, आबा!"

"एकच बोललो."

त्या दिवसापासून सून ताट वाढायची, पण समोर बसायची नाही. एरवी एक घास खाल्ला की "आणि वाढू?" विचारणारी पोर. मीही मागून घेतलं नाही. काही दिवसांनी एका संध्याकाळी आली आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसली.

"इथं एवढा त्रास होतो तुम्हाला?"

"त्रास कसला? खायला आहे, अंथरूण ऊबदार आहे. मी कधी तक्रार केली?"

"मग असं का बोललात?"

"माझी जमीन विकून झाली, पोरी. मला परत जायला जागा नाही, म्हणून मी इथं ठीक आहे. त्यांची अजून आहे."

"आणि ते परत पडले तर?"

"पडतील."

ती रडली. खरं बोलल्यानं माणूस बरोबरच असतो असं काही नाही, एवढं मला वयानं कळलंय. पण खोटं बोलून त्याला त्या उतारावरून खाली आणायचं, आणि मग रोज सकाळी त्याच्याशेजारी बसायचं, हे मला जमलं नसतं.

तिनं कचेरीतून सुट्टी काढली आणि बापाकडं लागवडीला गेली. बापाचा एक हात निकामी, म्हणून बेणं हीच लावतीय. यायचं कधी, हे तिनं अजून ठरवलेलं नाही. मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलतो. पोळ्या तो दुकानातून आणतो, मी गरम करतो.

काल तिचा फोन आला. गुडघ्यापर्यंत काळी माती, खांद्यावर लुंगी गुंडाळलेली, त्या गावच्या बाईसारखी बाई. "आबा, जेवलात?" म्हणाली. मी हो म्हणालो. मागून व्याही काहीतरी बोलला, तिनं वळून उत्तर दिलं, त्यानं उलटून काही सुनावलं आणि दोघं भांडल्यासारखी बोलू लागली, मग हसू लागली. मला सांगायचं ती विसरली. मी विचारलं नाही. फोन धरून बघत बसलो. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला.