भांडलात तर वेणी घाला

साऱ्या नाशकात भांडणं लावून देणारी माणसं शेकड्यांनी सापडली असती, पण भांडणं मिटवायचं वेड लागलेली बाई एकच होती आणि ती माझी आत्या होती. गंगेवर धुणं धुताना दोन बायका तावातावानं बोलू लागल्या की हिचे पिळे तिथंच राहायचे आणि ही मध्ये जाऊन उभी राहायची. तिऱ्हाइतानं तोंड घातलं म्हणून त्या दोघी एक होऊन हिच्यावरच तुटून पडत, आणि ही ओल्या लुगड्यानं हसत घरी येई. "मिटलं बघ त्यांचं," म्हणे.

लहानपणीच विधवा झालेली आत्या आमच्याकडे, म्हणजे भावाच्या घरी राहायची. मुलींच्या शाळेत मास्तरीण होती म्हणून घरात तिच्या शब्दाला थोडी किंमत होती. मी तिच्याच वर्गात, तिसरीत. वर्गात शिरण्याआधी दाराशी थांबून ती आम्हाला विचारायची, "आत येऊ का?" एकदा आम्ही खोडी म्हणून एका सुरात "नको" म्हणालो, तर ही पाऊण तास पायरीवर बसून राहिली. शेवटी आम्हीच कंटाळून तिला आणायला गेलो. डिप्टीसाहेब तपासणीला आले आणि बूट वाजवत सरळ आत घुसले, तेव्हा तिनं हात जोडून त्यांनाही दारापर्यंत परत धाडलं. साहेब इतके गोंधळले की पाढे विचारायचेच विसरले. त्या दिवसापासून आमची तिच्यावर भक्तीच जडली.

शाळेनं दिलेली छडी तिनं दोडक्याच्या वेलाला टेकू म्हणून लावली होती. तिच्या वर्गात शिक्षा एकच. भांडलात, तर एकमेकींची वेणी घाला. केस ओढले की पुन्हा पहिल्यापासून. राग किती का असेना, गुंता सोडवताना हात हळू चालवावाच लागतो, असं तिचं शास्त्र. जिचं स्वतःचं डोकं आलवणाखाली कायमचं बोडकं, तिला ही शिक्षा सुचावी याचं आम्हाला तेव्हा काही वाटलं नाही. आज वाटतं.

ती तीस सालानंतरची वर्षं. देवळाचं दार कुणाला उघडायचं यावरून गावात मोठमोठी माणसं हमरीतुमरीवर येत होती. आमच्या शाळेचं दार उघडंच असे, पण महारवाड्यातली भागा त्या दाराबाहेर, ओसरीवर बसून फळ्याकडे मान वाकडी करून बघायची. शाळेची पद्धतच तशी होती, आणि आत्यालाही ती मोडता आलेली नव्हती. एका दुपारी सुट्टीत मी उंबऱ्यावरून उडी मारली ती तिच्या पाटीवर. पाटी फुटली. चूक माझी, म्हणून आवाजही माझाच मोठा.

"वाटेत कशाला बसलीस गं?"

"मंग कुठं बसू? आत बसू देता का तुमी?" भागा म्हणाली.

मी तिला ढकललं. तिनं माझी वेणी धरून अशी ओढली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेवढ्यात आत्या आली. तिनं फणी माझ्या हातात दिली.

"बाई, हिची?" मी विचारलं. वर्गात तिला बाई म्हणायचं असे.

"भांडताना विचारलं होतंस का, कुणाशी भांडू म्हणून?"

मी रडायच्या बेतात. पण भागाच आधी म्हणाली, "मला नाय पायजे हिची येणी. लय केस वढील ती."

"खरं आहे," आत्या म्हणाली. "आधी तिला विचार."

चार दिवस मी विचारलं नाही. आत्या रागावली नाही. घरी नेहमीसारखी वाढायची आणि शाळेत रोज माझ्यापुढे फणी ठेवायची. पाचव्या दिवशी मीच थकले. ओसरीवर जाऊन "घालू का?" म्हटलं. भागा म्हणाली, "घाल. पर हळू."

माझी वेणी वाकडी झाली, तिनं घातलेली सरळ आणि घट्ट. आत्यानं दोन्ही पाहिल्या आणि म्हणाली, "चला, आता दोघी आत." भागा आत आली आणि माझ्या बस्करावर बसली.

दुसऱ्या दिवशी वर्गात आठच मुली उरल्या होत्या. पहिली तक्रार माझ्या वडिलांचीच. शाळेच्या कमिटीतले एक गृहस्थ घरी आले आणि म्हणाले, त्या मुलीला पुन्हा ओसरीवर बसवा, दोन ओळींची माफी लिहा, आम्ही विसरून जाऊ. नाहीतर पेठला, तिकडे डोंगरातल्या शाळेवर बदली. मी आत्याच्या कमरेला मिठी मारून रडले, "लिही ना गं दोन ओळी!"

"चूक झाली की मी तुम्हा मुलींचीसुद्धा माफी मागते," ती म्हणाली. "यात चूक कुठली ते दाखव, लगेच लिहिते."

मला दाखवता येईना, म्हणून मी तिच्यावर रुसले. ती पेठला निघाली त्या सकाळी मी पांघरुणातून तोंड बाहेर काढलं नाही. ती माझ्या पायांवरून हात फिरवून गेली.

नव्या बाई आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी भागाला बाहेर जायला सांगितलं. भागा जागची हलली नाही. मी तिचा हात घट्ट धरला, त्याखेरीज मला काही सुचलं नाही. बाईंनी आमच्याकडे पाहिलं. त्या दमल्या होत्या की मनानं भल्या होत्या, कोण जाणे. त्या फळ्याकडे वळल्या आणि बेरजा घालू लागल्या. हळूहळू मुली परत आल्या, आणि भागा शेवटपर्यंत आतच बसली.

हे मी आत्याला लिहायला हवं होतं. पण माझा रुसवा मोठा. आज लिहू, उद्या लिहू असं करता करता पावसाळा आला, आणि तिकडच्या हिवतापानं ती गेली. मी हात धरला होता, एवढं तरी तिला कळायला हवं होतं.