सफाचट काकांचं अंगण

सफाचट हे काही काकांचं खरं नाव नव्हे. जन्मभर त्यांनी खाणीतलं पाणी उपसणारा पंप चालवला. खाण बंद पडली तेव्हा तिथल्या दळलेल्या दगडाच्या ढिगाऱ्यातली राखाडी, मऊ वाळू ढकलगाडीनं आणून त्यांनी अंगणभर पसरली. त्या अंगणात गवताची काडी उगवेल तर शपथ! शेजारी तण उपटून कंबरा मोडून घेत, तेव्हा काका खुर्चीत चहा पीत फुकटचे सल्ले देत. त्यावरून वस्तीनं त्यांना हे नाव दिलं, आणि काकांनी ते पदवीसारखं मिरवलं.

मग जुन्या खाणीची तपासणी करायला एक बाई आल्या. कुणी न सांगता काकांनीच त्यांना घरी ओढून आणलं. "बाई, आधी आमचं अंगण बघा. असा स्वच्छ माल सापडायचा नाही!"

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बाईंनी नमुना नेला आणि उत्तर घेऊन परत आल्या. "काका, यात आर्सेनिक आहे. जमिनीच्या पोटात होता तोवर हा दगड गप्प होता. वर आणून दळला, ऊन-पाऊस लागला, तसा तो कुजत गेला आणि विष सुटं झालं. गवत उगाच नाही रुसलं."

"म्हणजे सोमल! आणि मी त्यावर पापड वाळवले!" काकूंनी कपाळावर हात मारला.

"मला काय धाड भरलीय?" काका गुरगुरले. "आयुष्य काढलं मी त्या खाणीत."

पण लेकीच्या कानावर गोष्ट गेलीच. तिची पोर नुकती रांगायला लागली होती. ती भेटायला आली, पण पोरीला कडेवरून खाली ठेवलं नाही. नात जमिनीकडे झेपावून रडत होती आणि काका नुसते बघत होते.

"बाबा, हे अंगण आहे तोवर ती इथे खेळणार नाही."

"एवढंसं पोर, त्याला काय कळतंय?"

"अहो, ती दिसेल ते तोंडात घालते," काकू म्हणाल्या. "तुम्ही दिसेल तिथे नुसतं तोंड घालता."

काका त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी स्वतःहून बाईंकडे गेले. बाईंची माणसं आली, तोंडाला मास्क बांधून, पाणी शिंपडत त्यांनी सगळी वाळू खरवडून झाकलेल्या गाडीतून नेली. वर दुसरीकडची तपासलेली माती घातली. आठवड्यात तिच्यात तण माजलं. शेजाऱ्यांना हसून हसून ठसका लागला. काका उकिडवे बसून मुकाट तण उपटत राहिले.

पुढच्या वेळी लेकीनं पोरीला अंगणात सोडलं. पोरीनं पहिलं काम काय केलं असेल? मूठभर माती उचलली आणि थेट तोंडात.

"थू कर, थू कर!" काका धडपडत धावले.

लेक पायरीवर बसली होती. ती उठलीसुद्धा नाही.

"असू द्या हो बाबा. मातीच तर आहे."

काकांना एकदम भरून आलं. ते नातीजवळ तिथेच फतकल मारून बसले, आणि तिनं पुढे केलेली दुसरी मूठ त्यांनी निमूटपणे तोंडात घेतली.