पाठराखीण परत गेली तो दिवस

जर्मनीत बॉनला इतिहास शिकायला आलो, तेव्हा पहिल्याच सेमिस्टरला माझ्या वाट्याला एक नवरी आली. मध्ययुगातली, दूरच्या देशातली राजकन्या. लग्न होऊन इकडच्या राजदरबारात आलेली. तिच्यावर वर्गापुढे वीस मिनिटं बोलायचं होतं. इथे त्याला रेफराट म्हणतात. मी सगळं पाठ करून गेलो. तिनं काय काय आणलं, लग्न कुठे लागलं, मुकुट कधी चढवला, घडाघडा सांगून टाकलं.

प्राध्यापिकाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे पुस्तकात आहेच. तुम्हाला स्वतःला काय दिसलं?"

मला खरंच काही दिसलं नव्हतं.

"पुढच्या आठवड्यात पुन्हा बोला," त्या म्हणाल्या. "एकच मुद्दा चालेल, पण तो तुमचा हवा."

तेही जमलं नसतं तर तो कोर्स सोडावा लागला असता. आणि स्वतःचा मुद्दा कुठून आणतात, हे विचारायला घरी कुणी नव्हतं. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मीच पहिला.

रविवारी सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. ती लसूण सोलत बसली होती. माझा पडलेला चेहरा तिला लगेच दिसला, म्हणून सांगितलं सगळं. आई सातवीपर्यंत शिकलेली. तिला यातलं काय कळणार, असं मला वाटत होतं, हे लिहायला आज लाज वाटते.

"किती वर्साची होती पोर?"

"सोळा-सतरा असेल."

"आन् पाठराखीण कोण गेली तिच्यासंगं?"

मला हसू आलं. "आई, राजघराणं होतं ते."

"मग? राजाची म्हणून पोर एकटी धाडली व्हय?"

मी टिपणं उघडली. तिच्याबरोबर आलेल्या घोड्यांच्या, रेशमाच्या, पेट्यांच्या यादीत अगदी शेवटी चार बायका होत्या, तिच्याच देशातल्या. मी बोलताना त्यांना गाळलं होतं. पुढे एका ठिकाणी एवढंच होतं, की वर्षभरानं त्यांना भेटी देऊन परत पाठवलं. मी ते आईला वाचून दाखवलं.

तिचे हात थांबले. "माझ्यासंगं आत्या आली होती," ती म्हणाली.

आईचं माहेर कोकणातलं, सासर घाटावरचं. माहेरी तांदळाची भाकरी. ज्वारीची तिच्या हातात तुटायची. पाच दिवस आत्यानं पहाटे उठून भाकऱ्या थापल्या आणि सासूला वाटलं, सून थापते. सहाव्या दिवशी आत्या एसटीत बसली.

"लग्न आधी झालं, पर सासरी मी त्या दिवशी आले बघ," आई म्हणाली. "त्या दिवशीच्या भाकऱ्या तुझ्या आजीनं काही न बोलता खाल्ल्या. तुटक्या."

इतक्या वर्षांत मी तिला यातलं काही विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात अडखळत बोललो. म्हणालो, पुस्तकं तिचं येणं लग्नाच्या दिवसापासून मोजतात, पण कदाचित त्या चार बायका परत गेल्या त्या दिवसापासून मोजायला हवं. त्यानंतर तिची भाषा बोलणारं तिथे कुणी उरलं नव्हतं.

"हे कुठे वाचलंत?" बाईंनी विचारलं.

एखाद्या पुस्तकाचं नाव ठोकून द्यावं, असं क्षणभर मनात आलं.

"वाचलं नाही. आईनं सांगितलं. तिची पाठराखीण पाच दिवसांनी गेली." मग पाठराखीण म्हणजे काय, हेही मोडक्या जर्मनमध्ये सांगावं लागलं. भाकरीचंही सांगितलं. कुणी हसलं नाही.

बाईंनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. "यानं त्या राणीबद्दल काही सिद्ध होत नाही," त्या म्हणाल्या. "पण प्रश्न चांगला आहे. यावरच निबंध लिहा. आणि तळटीपेत आईचं नाव द्या. माहिती जिच्याकडून मिळाली, तिचं नाव द्यायचं असतं."

संध्याकाळी आईला फोन केला. तळटीप म्हणजे काय, ते समजावलं. तुझं नाव छापू का, असं विचारलं.

ती मग हळूच म्हणाली, "माहेरचं लिवणार का सासरचं?"

"तू सांगशील ते."

"दोन्ही लिव," ती म्हणाली. "पर माहेरचं आधी."